विचारायचे पैसे

बावीस वर्षं मी या सेंटरात सुया टोचतेय.
पहाटे साडेचारची पाळी, बारा खुर्च्या, बारा कांबळी
आणि टीव्हीवर कुणीच न बघणारा स्वयंपाकाचा कार्यक्रम.
इतक्या वर्षांत
"हे घरी करायला आवडेल का तुम्हाला?"
असं मी ज्यांना विचारलं
ते एका हाताच्या बोटांवर मोजले, तरी अंगठा उरतो.

मग वॉशिंग्टनहून पत्र आलं.
देशाच्या नकाशावर चिठ्ठ्या टाकल्या म्हणे,
त्यात आमचा काठ निघाला.
ओहायो नदीच्या पलीकडचा नाही.
घरी डायलिसिस करणारे वाढले तर बिलामागे थोडं जास्त,
नाही वाढले तर थोडं कमी.
ब्रँट मॅनेजरने भिंतीवर पांढरा फळा लावला,
फळ्यावर टक्के. नुसते टक्के.
आणि सोमवारी सकाळी तो प्रश्न
सगळ्यांच्याच तोंडी आला,
एकाला शिंक आली की सगळ्यांना यावी तसा.

हर्शेल डिंगेस, काचकारखान्यातला जुना भट्टीवाला,
म्हणाला, "इतके दिवस कुठल्या कपाटात ठेवलं होतंत हे?"
मी फळ्याकडे पाठ करून म्हटलं,
"नवीन पद्धत आलीय."

नवीन कसली.
मी शिकत होते तेव्हाही
पोटात नळी घेऊन यंत्राशेजारी रात्रभर
झोपणारी माणसं होतीच.

त्याच्या ट्रेलरमध्ये गेले.
द्रावणाचे खोके न्हाणीच्या टबात, छताला टेकलेले;
अंघोळ आता स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी.
मांजर खोलीबाहेर, हे मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं,
तिसऱ्यांदा मांजरीसमोर.
हात धुवा, मास्क लावा,
नळीचं टोक कशालाही लागू द्यायचं नाही.
आठव्या दिवशी त्याचे भाजके, जाड अंगठे
माझ्याहून अलगद चालायला लागले.
काच वितळवणाऱ्याला सांगावं लागत नाही
कशाला हात लावायचा नाही ते.

ऑक्टोबरात त्याचा फोन आला:
"आज मंगळवार आहे की बुधवार? मला माहीतच नाही!"
वार विसरल्याचा इतका आनंद
मी कुणाच्या आवाजात ऐकला नव्हता.

हे खरं. आणि हेही:
लुएला प्रॅटरला मी जरा जास्तच समजावलं.
एकटी बाई, हात थरथरणारे, नजर अर्धी.
महिना संपत आला होता, फळ्याला एक माणूस कमी होता.
तिसऱ्या आठवड्यात तिच्या पिशवीतलं पाणी
तांदळाच्या धुवणासारखं.
दवाखान्यात अकरा दिवस, मग परत आमच्याकडे,
खुर्ची नंबर सहा.
ब्रँटने आकडा पुसला, हळहळला.
कशासाठी, ते मी विचारलं नाही.
ते विचारायचे पैसे नव्हते.

थँक्सगिव्हिंगला हर्शेलने मलाही बोलावलं.
त्याची बहीण व्हर्ना आली होती पलीकडच्या काठावरून.
तिचीही मूत्रपिंडं गेलेली; बापाचं देणं,
दोघांत सारखं वाटलेलं.
ताट तसंच ठेवून ती आतल्या खोलीत गेली,
यंत्रावर हात ठेवून उभी राहिली
गाभण गाईच्या कुशीवर ठेवावा तसा.
मग माझ्याकडे वळली.
"मला कसं कुणी काही बोललं नाही?"

खिडकीतून पूल दिसत होता.
टोल नाही त्याला. चालत अकरा मिनिटं.

"तुमच्या डॉक्टरांना विचारा," मी म्हटलं.
"मी? मी विचारायचं?"

शेवटी कागदी रुमालावर
मीच तो प्रश्न लिहून दिला, ठळक अक्षरांत.
तिने घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला
आणि कोट मागितला.
पाय खायला अजून कुणी बसलंही नव्हतं,
पण तिला साडेतीनला उठायचं होतं.
उद्या शुक्रवार.
तिला वार पाठ होते.