समुद्रसपाटीपासून

फोन पथारीवर ओरडला, सकाळी अकराला.
मी काट्यावर होतो, अडतीस किलोचं पोतं अजून लोंबत होतं.
आवाज बाईचा, भाषा तिकडची,
एकच शब्द पुन्हा पुन्हा,
रस्त्यावर धावलेल्या पोराला आई हाक मारते तसा.

देठ खुडणाऱ्या बाया थांबल्या.
ठगूबाई म्हणाली, बापू, काय बोलतंय हे?
म्हटलं, समुद्र येतोय.
तिने नाकावरचा फडका खाली ओढला
आणि नंदुरबारच्या चारी दिशांना पाहिलं.
मिरची. जिथवर नजर, तिथवर लाल.
त्यापलीकडे धुळ्याचा रस्ता.

दर्शनानेच बसवून दिलं होतं हे, जाताना.
'तुमचं ठिकाण' विचारलं तिथे तिने तिचं गाव टाकलं.
ते नाव मला अजून धड म्हणता येत नाही,
पण फोनच्या हिशेबाने मी तिथेच राहतो,
किनाऱ्यापासून चारशे पावलांवर,
आणि मला आत्ता, या घडीला,
उंच जागी पळायला हवं.

मी पोत्यांच्या थप्पीवर चढलो.
हसू नका. पाय आपोआप गेले.

तिचा फोन लागेना.
तिथे आधी जमीन हलली असणार.
हलणं मलाही ठाऊक आहे, थोडंसं:
शहाद्याकडे सासुरवाडीला एका रात्री मांडणीतली ताटं वाजली,
त्याआधी कुत्री गप्प झाली होती.
सकाळी तलाठी आले, भिंतीच्या भेगेत बोट घालून म्हणाले, जुनीच आहे.
आम्ही त्यावर महिनाभर बोललो.
तिच्याकडे ताटं आठवड्याला वाजतात.
दिवा झुलला की लोक आधी गॅस बंद करतात, म्हणते,
बोलायचं ते नंतर.

बावीस म्हातारी माणसं तिच्याकडे.
त्यातल्या कुरोकावा आजी, वय शहाण्णव,
कवळी घातल्याशिवाय जिना चढत नाहीत.
दाराशी पिशवी: विजेरी, पाणी, बूट,
आणि एक चिठ्ठी नाव-गावाची, गळ्यात घालायची.
चिठ्ठीचं तिने फक्त मला सांगितलंय.

बायकोला घरी कळवलं.
ती बराच वेळ काही बोललीच नाही.
मग म्हणाली, तिले इचार, जेवनी का.

एक वाजून गेल्यावर निरोप आला.
सगळे तिसऱ्या मजल्यावर. आजींची कवळीसुद्धा.
लाट आली, चाळीस सेंटिमीटर.
मी मोठ्याने हसलो. चाळीस!
तिने लगेच लिहिलं, पप्पा, एवढ्यात माणूस उभा राहत नाही.

काट्याच्या खोलीत मोजपट्टी होती, खडू होता.
चौकटीवर रेघ मारली.
ठगूबाईने पाय लावून पाहिला,
गुडघ्याच्या खालीच राहिली रेघ.
एवढ्याशाले? म्हणाली,
आणि लुगडं जरा वर धरून
उंबरा ओलांडून गेली.

रात्री फोटो आला, त्यांच्या दारावरची निळी पाटी:
समुद्रसपाटीपासून सहा मीटर.
आपल्याकडे असं कुठे लिहितात का हो?

लिहितात.
तीस वर्षं त्या फलाटावरून माल चढवला,
पिवळ्या पाटीवर, गावाच्या नावाखाली, तो आकडा रोज दिसायचा.
वाटायचं, असेल रेल्वेची काही भानगड.

साडेदहाला गेलो.
पहारेकरी म्हणाला, पाटीचा कशाला फोटो?
म्हटलं, पोरीला आपली उंची हवीये.
त्याने अजून काही विचारलं नाही, बॅटरी धरली.
दोनशेच्या वर काही मीटर, पुढचा रंग उडालेला.

तेवढ्यात सुरतेकडची मालगाडी निघाली,
फलाट पायाखाली थरथरला,
फोटो हलला.

तसाच पाठवला.