एक जून

पाटणच्या स्टँडमागं, परमिट रूमच्या दारात
माझं स्टूल.
डोक्यावर पाटी : एकवीस वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नाही.
त्यातला 'नाही' उन्हानं निम्मा खाल्लाय,
म्हणून मी.

आज एक पोरगा आला. शर्ट खोचलेला,
आवाज मुद्दाम जाड.
आधारची झेरॉक्स पुढं केली.
बल्बखाली धरून पाहिली :
आठाची डावी बाजू पांढऱ्या शाईनं पुसून
तीन केलेला. सुबक.
पाच वर्षं, एका फटकाऱ्यात.

"हात चांगलाय तुझा," म्हटलं,
"चित्रकलेच्या परीक्षेला बस. इथं नको."
तो ओशाळला, मग चिडला :
"काका, तुमचा जन्म कधीचा?"

एक जून सदुसष्ट. कार्डावर.
आई सांगायची, भूकंपात घर बसलं
त्याच्या आठव्या दिवशी, ताडपत्रीखाली झालास.
म्हणजे डिसेंबर.
गुजर गुरुजींनी शाई-बिई काही न पुसता
अख्ख्या वर्गाला एकच वाढदिवस वाटला होता.

पोरगा गेला. झेरॉक्स राहिली,
घडी करून स्टुलाखाली ठेवलीय.
त्याला सांगायचं होतं, सांगितलं नाही :
मलाही कुणीतरी सहा महिने आधीच
आत सोडलंय.