उरलेली नव्व्याण्णव

खडकी बाजारातला सॅमसनकाकांचा फोटो स्टुडिओ मिटला
तेव्हा चर्चला आला हा कॅमेरा.
बॅटरीचं झाकण सेलोटेपनं धरलेलं,
पट्टा घामानं काळा,
आणि कार्ड एवढंसं, की शंभरेक फोटोंत भरायचं.

रविवारच्या शाळेत तेवीस वर्षं
फ्लॅनेलच्या फळ्यावर मी एकच मेंढपाळ चिकटवत आले.
निळे डोळे, इस्त्रीचा झगा,
मागे गुळगुळीत हिरव्या टेकड्या
(आमची वेताळ टेकडी श्रावणातही तशी दिसत नाही).
फळ्याची लव झिजली. अलीकडे तो
गोष्टीच्या ऐन मध्यात घसरून खाली पडायचा
आणि पोरं फिदीफिदी हसायची.

म्हणून म्हटलं, जा,
हरवलेलं मेंढरू तुम्हीच आणा. फोटोत.

तबिथानं आईच्या कानातली एकच कुडी आणली.
नहेम्यानं पावसात वाहून गेलेल्या चपलेची
मागे उरलेली जोडीदार.
धाकट्या शमुवेलनं नुसता काळोख.
मी म्हटलं, बोट होतं का रे भिंगावर?
तो म्हणाला, नाही टीचर, मेंढरू यातच आहे.
दिसत नाही, कारण ते हरवलंय.

दिवाळीनंतरच्या शनिवारी गेलो होळकर पुलाकडे.
मुळेच्या काठी धनगरांचा तळ उतरला होता,
नदीला तिचा तो नेहमीचा वास,
पुलावरून बसचे हॉर्न,
आणि खाली मेंढरं, एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून.
म्हातारा धुळाबा पॉवर बँकेला मोबाईल लावून बसलेला.
कशापायी काढताय फोटू?
मग पोरांनी गोष्ट सांगितली त्याला,
एकाचं वाक्य दुसऱ्यानं ओढून, शेवट दोनदा.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. तंबाखू झटकली.
नव्व्याण्णव रानात टाकून?
आन लांडगं?
ह्ये काय खरं न्हाई. कुणीतरी मागं ऱ्हायलं आसंल.
सांगणारा इसरला.

परतताना कुणी बोललं नाही,
म्हणजे शमुवेल बोलत होता, पण भुकेबद्दल.

कार्ड भरलं. नाताळचे फोटो काढायला जागा हवी.
पाळकसाहेब म्हणाले, एक चांगलासा ठेवा, बाकीचे पुसून टाका.
नहेम्या कचऱ्याच्या डब्याच्या खुणेवर अंगठा धरून थांबला.
टीचर, एकासाठी नव्व्याण्णव?
तेवीस वर्षांत
हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.
मीही नाही.

मग उपासनेनंतर पडदा ओढून
आम्ही भिंतीवर एकेक फोटो मोठा करून पाहिला.
पाठी. शेण. कुणाचा तरी कान.
तबिथा ओरडली, थांबा, मागे घ्या.
कोपऱ्यात, अर्धी चौकटीबाहेर,
हिरव्या लुगड्यातली एक बाई,
काखेत ओलं कोकरू, आमच्याकडे पाठ,
दुसऱ्या हाताचं बोट हवेत.
मोजत होती.
तिचा फोटो कुणी काढला नव्हता,
ती आपोआप आलेली.

पुढच्या रविवारी गोष्ट तिच्यापासून सुरू केली.
तो गेला. ती थांबली. अंधार पडला.
पोरांनी लांडगे घातले, एक कुत्रीही घातली, नाव ठेवलं चांदी.
पाळकसाहेब दारात उभे राहून ऐकत होते.
काही म्हणाले नाहीत. नवीन कार्डाचे पैसे
त्या आठवड्यात कुणीतरी दानपेटीत टाकले,
चिठ्ठीवर अक्षर त्यांचंच वाटलं.

फळा आता कपाटामागे आहे.
शमुवेलचा तो काळा फोटो मात्र मी पुसू दिला नाही.
कधी वर्ग सुटल्यावर एकटी उघडते,
उजेड वाढवत नेते, शेवटपर्यंत.
काळोख फाटत नाही.
फक्त दाणे उमटतात, राखाडी, बारीक,
लोकरीसारखे.