कणी

सोळा नंबर रोडवर आमचा प्लांट, वागळे इस्टेट.
काळं सिलिंडर, पांढरी मान: तो ऑक्सिजन.
तीस वर्षं मी तोच भरला,
झडपेला साबणाचा फेस लावून गळती बघितली,
बुडबुडा आला की बाजूला.

हेमांगी अठ्ठाविसाव्या आठवड्यात आली.
नऊशे ग्रॅम.
खाडीवरच्या बाजारात याहून जड जिताडा उचललाय मी.
नौपाड्यातल्या त्या नर्सिंग होममध्ये
रात्री अडीचला काटा खाली यायला लागला
तेव्हा फोन मलाच केला त्यांनी,
बाप म्हणून नाही, भरणारा म्हणून.
तीन सिलिंडर टेम्पोत टाकून नेले,
तीन हात नाक्याचा सिग्नल तोडला.
अन्नम्मा सिस्टर चावी हळूहळू फिरवत होती.
मी म्हणालो, सोडा हो अजून,
घरचाच आहे, कमी पडणार नाही.

मोजून द्यायचं यंत्र तिथे नव्हतं.
निळी नखं गुलाबी झाली
आणि ती गुलाबीच राहावीत
एवढंच सगळ्यांना कळत होतं.
सव्वीस दिवस.
डोळे तपासले, बचावले. पेढे वाटले.
मानेचं कोण तपासतो?

सात वर्षांची असताना
तरणतलावात बुडी मारून बसायची.
बाकीची पोरं लाल होऊन वर यायची,
ही तळाशी, फरशा मोजत.
मी काठावरून टाळ्या वाजवायचो.
त्या टाळ्या हल्ली रात्री ऐकू येतात.

मागच्या जूनमध्ये स्पितीहून फोन:
"पप्पा, सगळे धापा टाकतायत, मला काहीच होत नाही.
आगरी रक्त!"
मी शेजारच्या भोईरांना सांगूनही आलो.
त्याच रात्री तंबूत कुणीतरी गंमत म्हणून
सगळ्यांच्या बोटांना चिमटा लावला.
चौऱ्याऐंशी. एक्क्याऐंशी.
हिचे त्रेसष्ट, ओठ जांभळं खाल्ल्यासारखे,
आणि ही हसत विचारते, बिघडलंय का हे?
वाटाड्याने पाठीवर घेऊन खाली उतरवली.

डॉक्टर कुरेशींनी कागदावर मानेतली रक्तवाहिनी काढली,
तिचे दोन फाटे, फाट्यात एक ठिपका.
तांदळाच्या कणीएवढं, म्हणाले.
रक्तात प्राणवायू कमी पडला की हे ओरडतं.
पण पहिल्या दिवसांत याला थोडी भूक शिकावी लागते,
आणि हिचं पान तर तेव्हा सतत वाढलेलं.
म्हणून कदाचित.
कदाचित, ते दोनदा म्हणाले.

कमी दिला असता तर?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
"तर ती आज बाहेर बाकावर बसलेली नसती."

बायको म्हणते, अति तिथे माती.
माझ्या घशाखाली ही म्हण उतरत नाही.
माती कुठे? ती आत डबा शोधत
भांडी आपटतेय, बस चुकेल म्हणून.

पोचट दाणा मी हातात घेऊन ओळखतो.
दिघ्याला खारजमीन होती आमची, आता तिथे टॉवर.
पण मानेतला दाणा
कुठल्या सुपात घेऊन पाखडू?

रविवारी आम्ही येऊरचा चढ चढतो.
तिसऱ्या वळणावर मी गुडघ्यांवर हात टेकतो,
छातीतून जुन्या झडपेसारखी शिट्टी.
ती थांबते. स्वतःच्या बोटाला चिमटा लावते,
आकडा बघते, मग माझ्याकडे,
बराच वेळ, परीक्षेला बसल्यासारखी.
"पप्पा, दम लागतो म्हणजे आत नेमकं काय होतं?"

मी सांगायला तोंड उघडतो
आणि सांगण्यापुरता दम नसतो.