सातवा रकाना

पुंता आरेनासला वारा सुटला
की माणसं चौकातल्या दोरांना धरून रस्ता ओलांडतात
आणि कुत्री भिंतीकडेने, पोट जमिनीला घासत.
मी आधी दवाखान्याचं दार धरते,
मग आत आलेल्याच्या हातात अर्ज देते.

सातवा रकाना: नेमकं काय झालं?
नऊ वर्षं अर्ज गोळा करतेय,
बहुतेक सगळ्यांचं उत्तर एकाच शब्दाने सुरू होतं.
अचानक चावला.
अचानक मांजर पलंगावर मुतायला लागली.
अचानक पोपटाने स्वतःची छाती सोलून काढली.

डॉक्टर ड्रिना कुस्मानिच तेवढा शब्द पेन्सिलीने खोडतात.
चिडून नाही,
तांदळातला खडा वेचावा तसा.

त्यांच्या खोलीत टेबल नाही.
एक चटई, आणि एक स्टूल, भिंतीकडे तोंड केलेलं.
आलेल्या जनावराकडे त्या पहिली वीस मिनिटं बघतच नाहीत.
एवढे पैसे घेता आणि नुसत्या बसता? कुणी विचारतं.
त्या म्हणतात, हो.
कोपरापासून मनगटापर्यंत जुना व्रण आहे,
त्याबद्दल विचारलं तर म्हणतात,
माझी चूक. मला घाई होती.

जुलैत सामुद्रधुनी ओलांडून एलेउतेरियो राइमापो आला.
बरोबर सार्को: मेंढ्या हाकणारा, राखाडी, एक डोळा निळा.
नातवाच्या गालाला पाच टाके पडले होते.
म्हातारा टोपी चुरगाळत म्हणाला,
आमच्याकडे अशा कुत्र्याला गोळी घालतात.
माझ्याच्याने झालं नाही.
औषध असलं तर द्या, नसलं तर तसं सांगा.
त्याला लिहिता येत नव्हतं.
त्याचा सातवा रकाना मीच भरला,
सवयीने, त्याच शब्दाने.

सुनेने वाढदिवसाची चित्रफीत पाठवली होती.
डॉक्टरांनी ती अकरा वेळा पाहिली,
मग आम्हाला दाखवली, थांबवत थांबवत.
इथे त्याने ओठ चाटले, समोर खायला काही नसताना.
इथे मान वळवली.
इथे परत.
इथे डोळ्यातला पांढरा भाग दिसतोय, नखाच्या कोरीएवढा.
मग पोराने मागून मिठी मारून
सगळं अंग त्याच्यावर टाकलं,
आणि सार्को थिजला. शेपूट, कान, श्वाससुद्धा.
पावणेदोन सेकंद, डॉक्टर म्हणाल्या,
याहून मोठ्याने त्याला ओरडता येत नाही.

त्यांचा हात सार्कोच्या पाठीवरून सावकाश खाली गेला
आणि एका जागी थांबला.
एक्स-रेत दिसला तो खुब्याचा उखळीचा सांधा,
उखळीचा काठ पार झिजलेला.

एलेउतेरियो काही बोलला नाही.
त्याचा हात केव्हाच स्वतःच्या कमरेवर गेला होता.
पन्नास वर्षं घोड्यावर.
गोळ्या लिहून दिल्या, कुत्र्याच्या.
जाताना त्याने नाव वाचून दाखवायला सांगितलं, दोनदा.

सगळेच असे परत जात नाहीत.
फाइलींच्या खालच्या कप्प्यात चार पट्टे आहेत,
ते न्यायला कुणी आलं नाही.
त्या चार दिवशी डॉक्टर जेवल्या नाहीत,
इंजिन बंद करून गाडीत बसून राहिल्या.
मी खिडकीतून बघितलं नाही. वीस मिनिटं.

काल घरी गेले तर टेबलावर शाळेची चिठ्ठी:
आपल्या मुलाने आज वर्गात अचानक बाक उलटवला.
मी पेन्सिल शोधली.
मिळाली नाही.

तो पलंगाच्या कडेला, बूट न काढता.
मी खाली फरशीवर बसले,
तोंड खिडकीकडे करून. छपराचा पत्रा वाजत होता.
जेवताना त्याने ताट सरकवलं होतं, तो रविवार.
त्याआधी मी केसांवर हात ठेवला तेव्हा मान काढून घेतली होती.
त्याआधी गाडीत.
मोजत मोजत मी मार्चपर्यंत मागे गेले.