नळ चावायलाय

"नळ चावायलाय," प्रयागबाई फोनवर म्हणाल्या,
शेजारच्या कुत्र्याची तक्रार सांगावी तसं.
उदगीर, देगलूर रोडच्या आतली गल्ली, एप्रिल.
पाणी येतं आठव्या दिवशी
आणि आलं की असं.

मी उलट्या हातानं शिवलो.
चाँदपाशा उस्तादांनी शिकवलेलं:
तळहातानं शिवशील तर मूठ आवळते,
मग तू सोडलास तरी नळ सोडत नाही.
कोपरापर्यंत मुंग्या.
मीटरवर सत्तेचाळीस.
वीतभर अंतरावर गॅसची तांब्याची नळी,
तिच्यावर काहीच नाही.
त्या वीतभरात रोज सकाळी बाईंचे दोन ओले हात:
एक शेगडीच्या खटक्यावर, एक नळाखाली.

मेन पाडला. नळ जागाच.
म्हणजे चोर या घरात नव्हता.

अंगणात भिंत आहे, चार वर्षांची,
दोन्ही बाजूंनी बिनगिलाव्याची,
कारण गिलाव्याचे पैसे कोणी द्यायचे ते ठरलं नाही.
तिच्याखालून मात्र
बापानं टाकलेला लोखंडी पाइप अजून एकच.

पलीकडच्या दाराला जायला मला गल्लीला पूर्ण वळसा पडला.
व्यंकटराव म्हणाले, त्यांच्या नळाचं मला काय सांगता?
मी काही बोललो नाही.
मीटरचं एक टोक त्यांच्या मोटारीला लावलं,
दुसरं मातीत ठोकलेल्या खिळ्याला.
एकशे बारा.
सत्यभामाबाई दारातूनच म्हणाल्या,
"मला बी मुंग्या येतेत की. मी म्हटलं बीपी असंल."

गेल्या दिवाळीत त्यांनी रस्त्याकडचा पाइप प्लास्टिकचा केला होता.
तोवर मोटारीची गळती गुमान मातीत जायची,
कोणाला पत्ता लागत नव्हता.
प्लास्टिकनं वाट बुजवली,
मग ती मागं फिरली, भिंतीखालून गेली
आणि धाकट्याच्या मोरीत निघाली.

गंज घासला पांढरं लोखंड दिसेपर्यंत.
पितळी क्लॅम्प, वर हिरवी वायर.
मोटार, पाइप, तिकडचा नळ, गॅसची नळी,
सगळ्यांना एका धाग्यात घ्यायचं होतं.
"भिंतीला भोक पाडावं लागेल."
केवढं?
"करंगळीएवढं."
दोघा भावांनी ती जागा बघून घेतली,
एकानं इकडून, एकानं तिकडून,
वेगवेगळ्या वेळी.

प्रयागबाईंनी विचारलं, आता करंट येणारच नाही का?
येईल, म्हटलं, यायचा तेव्हा.
पण आला तर नळ आणि नळी बरोबर चढतील, बरोबर उतरतील.
तुमच्या दोन हातांत फरकच उरणार नाही.
फरक नसला की तो अंगातून जात नाही.
त्यांनी नळाला हात लावला,
दुसरा गॅसवर ठेवला
आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

खड्डा व्यंकटरावांच्या अंगणात निघाला.
काळी माती, चपलेचा अंगठा अडकेल एवढी भेगाळलेली.
मीठ, कोळसा, मीठ, कोळसा.
उस्ताद म्हणायचे, पैले मिट्टी देखो, बाद में मीटर.
"उन्हाळाभर रोज एक तांब्या ओता याच्यावर."
व्यंकटराव हसले.
माणसाला पाणी नाही न् खड्ड्याला पाजा?
मोटार बांधून घ्या, ईएलसीबी बसवा, असंही मी सांगितलं.
बघू म्हणाले.

मे अखेरीस गेलो, क्लॅम्पचे राहिलेले पैसे मागायला.
पैसे नाही मिळाले.
सत्यभामाबाई भाजी धुतलेलं पाणी पातेल्यानं खड्ड्यावर ओतत होत्या,
मेथीचं एखादं पान त्यात.
मिठाची जागा, तिथं काही उगवणार नाही.
भिंतीपलीकडं नळ सुरू झाल्याचा आवाज आला,
हंड्यात, आधी मोकळा, मग भरत जाणारा.
त्या थांबल्या.
आवाज बंद होईपर्यंत ऐकलं त्यांनी,
मग राहिलेलं पाणी ओतलं.