हवा सव्वीस

टायर घेताना आधी जन्मतारीख बघायची.
बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे:
पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल.
दस्तगीरमामा चष्मा कपाळावर सारून
ते अंगठ्यानं वाचतात.
चाळीस वर्षं उसाच्या ट्रॉलीचे टायर
रिमोल्ड केले ह्या माणसानं, उद्यमनगरात.
"ह्यो दिसतोय नवा, पर म्हातारा हाय.
आतनं वाळलाय. ठेव खाली."
स्वस्त होता.
ठेवला खाली.

दुसरा जोड नखाला मऊ लागला.
चार चाकांचे पैसे म्हणजे
माझ्या लेथवरचा अख्खा एक महिना, ओव्हरटाइम धरून.
"किती किलोमीटर चालंल?"
मामा हसले. "किलोमीटर कशाला इचारतोस?
वळणं किती, ते इचार."

तेव्हापासून हे चौघे आमच्या घरात
माणसांपेक्षा जास्त जपले जातात.
पलंगाखाली, काळ्या पिशवीत, ऊन लागू न देता.
आई केर काढताना त्यांना पाय लावत नाही.

रविवारी कागलच्या एमआयडीसीत,
बंद शेडपुढच्या काँक्रीटवर नारिंगी शंकू मांडलेले.
आम्ही जातो साध्या टायरवर,
तिथं जॅक लावून चाकं बदलतो,
आणि तनुजावहिनी पुतण्याच्या दप्तरातला खडू काढून
प्रत्येक टायरच्या खांद्यावर एक रेघ मारते.
वळणात टायर किती लवंडला ते खडू सांगतो.
खडू खोटं बोलत नाही; मी बोलतो,
"छान चिकटली गाडी," म्हणतो,
आणि ती वाकून बघते तर
रेघ पार खालपर्यंत पुसलेली.
"भावजी, हवा कमी आहे. सव्वीस करा."

गाडी एक, चालवणारे दोघं.
पहिला मी. थंड टायरवर,
जे अजून झोपेत असतात, कूस बदलावी तसे घसरतात.
तिसऱ्या शंकूला मी नेहमी धक्का देतो,
दोन सेकंद दंड, नेहमी.
मग वहिनी बसते, सीट चार बोटं पुढं घेते,
आणि मी तापवून ठेवलेल्या रबरावर
माझ्यापेक्षा दीड सेकंद आधी घरी येते.
ह्याचं कुणाला वाईट वाटतं का?
पहिल्या वर्षी वाटलं. मला.

फेरीनंतर ती तळहात ठेवते टायरवर,
बाहेर, मध्ये, आत,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"बाहेरून भाजतोय, आतून कोमट. चाक अजून झुकवायला पाहिजे."
हे ती वहीत लिहिते, किराण्याच्या हिशेबाच्या मागं.
मी औषध फवारायचा पंप पाठीला लावतो,
चाकांवर पाणी मारतो. वाफ उठते.
शेजारचा ड्रायव्हर म्हणतो, "काय, मावा पडलाय काय?"

मोसम सरेस्तोवर नक्षी होती तशीच होती,
पण गाडी धरेना.
तापून गार, तापून गार,
असं बावीस वेळा झालं की आतलं काहीतरी
तापायचंच सोडून देतं.
वहिनीनं सव्वीसचे चोवीस केले, अठ्ठावीस केले.
मग वही मिटली.
काही बोलली नाही. भडंगाचा पुडा फोडला.

सुभाषनगरात सातपुतेंकडे नेले ते.
त्यांनी एक टायर मांडीवर घेतला,
नख रुतवलं, रुतेना.
"नवा असता तर हात लावला नसता.
नव्याचा तळ केला तर गिऱ्हाईक डांबराला चिकटून बसंल.
आता बेस झालाय. तार सोडून वरचा थर सोलतो,
पातळ हाय, दोन थर लावतो."

मोसम उघडला तशी सकाळी सगळे
शंकूंतून पायी फिरतात, ट्रॅक पाठ करायला.
नवे टायर अजून पिशवीत.
मी पायात सातपुतेंची चप्पल,
कर्रकर्र वाजते, अजून रुळायची आहे.
वहिनी पुढं, हातवाऱ्यांनी स्टीअरिंग फिरवत.
तिसऱ्या शंकूपाशी मी मुद्दाम थांबलो,
टाच रोवून वळून बघितलं.

घसरलो नाही.
"चला भावजी," ती म्हणाली, "पहिले तुम्ही आहात."